इंग्रजी निबंधातलं मराठी नाव

बी.ए.ला मी इतिहास घेतला तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, पण आनंदही कुणाला झाला नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांच्या मनात अर्थशास्त्र होतं. अर्थशास्त्र घेतलेल्या मुलींना बँकेत घेतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मी फॉर्म भरून घरी आले आणि त्यांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, की सनावळ्या पाठ करायला दोन वर्षं कशाला लागतात. खरं सांगायचं तर मी इतिहास का घेतला हे माझं मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. इंटरला असताना इतिहासाचे सर वर्गात शिरले की मला जाग यायची, इतर तासांना यायची नाही, एवढंच कारण होतं.

आम्ही अंधेरीला पूर्वेच्या बाजूला राहायचो. दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीच्या पलीकडे भाताची खाचरं. पन्नासनंतरची ती वर्षं. खाचरांमध्ये एकेक बंगली उठायला लागली होती, पण संध्याकाळी अजून बेडूक ऐकू यायचे. कॉलेज रेल्वेच्या फाटकाच्या पलीकडे, चालत अर्ध्या तासावर होतं. इतिहास घेतलेले आम्ही नऊ जण होतो, त्यात मुली दोन. दुसरी मुलगी दिवाळीनंतर लग्न होऊन गेली आणि पहिल्या बाकावर मी एकटीच उरले.

सर चाळिशीचे होते. आवाज बारीक, कोटाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. शिकवायचे इंग्रजीत, पण रंगले की स्वतःच्या नकळत मराठीवर यायचे. त्यांची एक खोड होती. आम्ही काहीही सांगितलं, की ते विचारायचे, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" पहिले काही आठवडे मला वाटायचं, आपण चुकलो म्हणून ते रागावताहेत. मग हळूहळू लक्षात आलं, की त्यांना खरोखरच ते हवं असतं. पुस्तकात आहे म्हटलं, तर पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं, तो तिथे होता का, नव्हता तर त्याने कशावरून लिहिलं. असं मागे मागे जात एखाद्या पत्रापर्यंत किंवा हिशेबाच्या कागदापर्यंत आम्ही पोचलो की ते खूश व्हायचे. सनावळ्यांची गरज त्यात फारच थोडी होती. हे मी अण्णांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कचेरीत आम्ही जुन्या फायली बघतो तसंच की." मला ते फारसं आवडलं नाही, पण चूकही नव्हतं.

घरात माझा अभ्यास खऱ्या अर्थाने ऐकणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे आत्या. आत्या ही अण्णांची थोरली बहीण, त्यांच्याहून तेरा-चौदा वर्षांनी मोठी. ती बालविधवा होती, हे आम्हाला माहीत होतं, पण घराला दोन खोल्या आहेत हे जसं माहीत असतं तसं. त्याबद्दल कुणी बोलत नसे. माझ्या आजोबांनी तिचे केस काढू दिले नव्हते, त्यावरून भाऊबंदांशी भांडण झालं होतं, एवढी एक गोष्ट आई कधीतरी कौतुकाने सांगायची. आत्या फिकट नऊवारी नेसायची, सकाळी पोथी वाचायची आणि संध्याकाळी पडवीत बसून दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडायची. मी तिच्याशेजारी बसून इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचायची, कारण मोठ्याने वाचलं तरच मला समजायचं.

एके दिवशी तिने विचारलं, "काय म्हणतो गं तो त्यात?" मी फ्रान्सच्या राज्यक्रांतीबद्दल वाचत होते. राजाला आणि राणीला कसं मारलं ते मी तिला मराठीत सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्यांना मुलं होती का? मग त्यांना कुणी सांभाळलं?" पुस्तकात ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. सरांनी माहिती दिली आणि हा प्रश्न कुणाचा, असंही विचारलं. मी आत्याचा म्हणून सांगितलं. तेव्हापासून आठ-पंधरा दिवसांनी ते मधूनच म्हणायचे, "यावर तुमच्या आत्यांचं काय मत?" वर्ग हसायचा, पण सर थट्टेने विचारत नसत. आणि मी घरी आल्यावर ते आत्याला सांगितलं, की ती तांदळातला खडा काढून लांब फेकायची आणि म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं." पण दुसऱ्या दिवशी पाटावर माझ्या आधी येऊन बसलेली असायची.

ज्युनिअरच्या, म्हणजे बी.ए.च्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सहामाहीत, सरांनी ट्युटोरियलसाठी एक निबंध दिला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आठवणारी अशी एखादी घटना घ्यायची, जी छापील पुस्तकातही सापडते. मग दोन्ही शेजारी ठेवायचं आणि कुठे जुळतं, कुठे जुळत नाही ते लिहायचं. मी आधी अण्णांकडे गेले. त्यांनी लढाईच्या काळातल्या रेशनिंगबद्दल सांगायला सुरुवात केली, पण ते इतकं सरकारी परिपत्रकासारखं होतं, की दोन पानं लिहून मी थांबले. लायब्ररीत मात्र मुंबईतल्या प्लेगवरचं एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं. त्या संध्याकाळी मी सहज विचारलं, "आत्या, प्लेग आठवतो का गं तुला?"

स्वयंपाकघरातून आईने माझ्याकडे पाहिलं. नंतर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, की वन्संना ते काही विचारू नकोस. पण तोवर आत्याने उत्तर दिलं होतं.

"आठवतो की. इथेच तर होतो आम्ही. जोगेश्वरीला."

मला आधी कळलंच नाही. आम्ही अंधेरीला राहायला येऊन वीस वर्षं झाली होती. जोगेश्वरी म्हणजे पुढचंच स्टेशन, दीड-दोन मैल. इतकी वर्षं तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग त्या दिवशी आणि पुढच्या तीन-चार संध्याकाळी तिने थोडं थोडं सांगितलं. गिरगावात उंदीर मरून पडायला लागले तेव्हा तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. ती नऊ वर्षांची आणि तिचे यजमान चौदा. ती माहेरीच होती, पण माहेरच्या चाळीतही माणसं आजारी पडायला लागली, तेव्हा सासऱ्यांनी आपल्या बिऱ्हाडाबरोबर तिलाही नेलं. जोगेश्वरीच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या बांधल्या होत्या. मोठी माणसं तिथून गाडीने नोकरीवर जायची. बायका चुली मांडायच्या. शाळा बंद होत्या, त्यामुळे मुलांना दिवसभर काही काम नव्हतं.

मी हे भराभर वहीत उतरवून घेत होते. लायब्ररीतल्या पुस्तकात झोपड्यांचं वर्णन होतं, किती अंतरावर बांधायच्या त्याचे नियम होते, आकडे होते. आत्याकडे आकडा एकही नव्हता. तिला आठवत होतं, की झावळ्यांमधून ऊन खाली पडायचं आणि त्याचे पट्टे अंथरुणावर हलायचे. नेमक्या झोपड्या कुठे होत्या, हे मात्र तिला सांगता येईना. सर ते विचारणार हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, आपण जाऊन बघून येऊ या का? मला वाटलं ती नाही म्हणेल. अण्णांनी तर म्हटलंच, की आक्काला या वयात कशाला दमवतेस. पण रविवारी सकाळी मी तयार झाले, तेव्हा ती धुवट लुगडं नेसून, वहाणा घालून पायरीवर उभी होती.

आम्ही टांग्याने गेलो. मार्गशीर्षातली हवा होती. जोगेश्वरीला स्टेशनच्या पूर्वेला माळ असा उरलाच नव्हता. म्हशींचे तबेले झाले होते, त्यांच्यामध्ये काही नवी कौलारू घरं, बाकी गवत. एका तबेलेवाल्या भय्याला मी विचारलं. तो म्हणाला, आपल्या बापाच्या वेळेपासून इथे म्हशीच आहेत. आत्या इकडेतिकडे बघत राहिली. एका ठिकाणी थांबली, मग पुढे गेली, मग परत आली. शेवटी म्हणाली, "इथेच असेल. नाहीतर तिथे असेल." तिच्या आवाजात दुःख नव्हतं, नुसती अडचण होती, एखादा डबा कुठे ठेवला ते न आठवल्यासारखी. मला वाटलं, आता परत फिरावं.

तेवढ्यात तिने जोगेश्वरीची लेणी कुठे म्हणून विचारलं. लेणी तिथून जवळच होती. उतरत्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कातळ, आणि आत मोठा अंधारा मंडप, मधोमध देवी. रविवार असूनही फारशी माणसं नव्हती. आत्या माझा हात धरून उतरली, पण शेवटच्या पायरीवर तिने हात सोडला. जिथे छतातून पाणी झिरपत होतं, त्या बाजूला ती मला न विचारता चालत गेली. तिथे दगडात एक खळगा होता आणि त्यात पाणी साचलं होतं. ती खाली बसली. तिने पाण्यात बोट बुडवलं आणि जमिनीच्या दगडावर 'ग' काढला.

"इथे शिकले मी," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. आम्हा सगळ्यांची समजूत होती, की आत्याला अक्षरओळख आजोबांनी करून दिली. तसं नव्हतं. शाळा बंद पडल्यामुळे तिच्या यजमानांना करमत नव्हतं, म्हणून ते मास्तर झाले आणि तिला विद्यार्थी केलं. गिरगावातल्या घरात ती दोघं एकमेकांशी बोलूही शकली नसती. इथे कुणाचं लक्ष नव्हतं. दुपारी मुलं लेण्यांत खेळायला यायची, तेव्हा खांबाआड बसून ते तिला रोज दोन अक्षरं शिकवायचे. ओल्या बोटाने दगडावर लिहायचं. वाळलं की अक्षर आपोआप जायचं, पाटी पुसायला नको. चुकलं तर ते हातावर टिचकी मारायचे. एकदा तिने रडून सासूला सांगायची धमकी दिली, तेव्हापासून टिचकी बंद झाली आणि चुकलं तर ते स्वतःच्याच हातावर मारून घ्यायला लागले.

हे सांगताना आत्या हसली. तिचं ते हसणं मी आधी पाहिलेलं नव्हतं. सहासष्ट वर्षांची बाई होती ती, पण खांद्यावरून पदर ओढून घेत ती अशी हसली, की मीच खाली बघितलं.

"किती दिवस चाललं हे?" मी विचारलं.

"शिमग्यापर्यंत," ती म्हणाली. मग दगडावरचा 'ग' वाळेपर्यंत थांबली. "सकाळी अंग गरम होतं त्यांचं. दुपारी मला शेजारच्या झोपडीत नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी मामंजी आले, पण माझ्याकडे बघेनात. ह्यांचं धोतर दोरीवर तसंच वाळत होतं. कुणी काढलं नाही. मला वाटत होतं, आपण काढावं. पण हात लावू देतील की नाही कळेना."

रोगी दगावला की झोपडी आतल्या सामानासकट जाळून टाकत असत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आम्ही देवीला नमस्कार केला आणि घरी आलो. वाटेत तिने टांगेवाल्याला त्याच्या घोड्याचं वय विचारलं.

निबंध लिहायला मला पंधरा दिवस लागले. इंग्रजी माझं बेताचं होतं. लेण्यांचं लिहावं की नाही ते ठरेना, कारण निबंध प्लेगवर होता आणि ओल्या बोटाने काढलेल्या अक्षरांबद्दल कुठल्याच छापील पुस्तकात काही नव्हतं. शेवटी मी लिहिलं. पक्का करण्याआधी आत्याला वाचून दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून एका रविवारी दुपारी पडवीत बसून मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. अण्णा आत पेपर वाचत पडले होते. दार उघडं होतं.

आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. एका ठिकाणी तिने दुरुस्ती केली. झोपड्यांवरचं पिण्याचं पाणी मी विहिरीचं लिहिलं होतं, ते झऱ्याचं होतं. मग म्हणाली, "आणि त्यांचं नाव कुठे आहे?"

मी पानं चाळली. निबंधात सगळीकडे इंग्रजीत 'तिचा नवरा' असंच होतं. मी म्हटलं, "आत्या, मला नाव माहीतच नाही."

ती आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, "त्याला विचार."

अण्णा उठून दारात आले होते. ते जन्मले त्याच्या आधीच हे सगळं होऊन गेलं होतं. आईच्या जागी असलेल्या या बहिणीचे यजमान, आणि त्यांचं नाव अण्णांना माहीत नव्हतं. "मी कधी विचारलंच नाही, आक्का," ते म्हणाले. नाव सांगू शकतील अशी सगळी माणसं गेली होती. त्या घरात, कदाचित साऱ्या मुंबईत, ते नाव माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि यजमानांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हे तिला नवव्या वर्षी शिकवलेलं होतं.

आत्याने माझ्या हातातली पेन्सिल मागितली. मी कोरा कागद द्यायला लागले, तर तिने मान हलवली आणि निबंधच मांडीवर घेतला. पहिल्याच पानावर, जिथे 'तिचा नवरा' होतं, तिथे वरच्या मोकळ्या जागेत तिने सावकाश ते नाव लिहिलं. तिचा हात कापत होता. लिहून झाल्यावर तिने फुंकर घातली, जणू शाईच होती. मी पुढे निबंध शाईने पक्का केला, पण ते पान बदललं नाही.

सरांनी निबंध तपासून परत दिला तेव्हा त्यांनी मला तास संपल्यावर थांबायला सांगितलं. मार्क साधारणच होते. इंग्रजीच्या चुकांखाली लाल रेघा होत्या आणि शेवटी शेरा होता, की सरकारी अहवाल आणखी पाहायला हवे होते. मग त्यांनी पहिलं पान माझ्यासमोर धरलं.

"हे पेन्सिलीने कुणी लिहिलं?"

"आत्याने."

"त्यांनी स्वतः?"

मी हो म्हटलं, आणि नाव घ्यायचं नाही म्हणून तिने लिहून दिलं, हेही सांगितलं. सरांनी ते पान उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "तुम्ही जे लिहिलंय तो तुमचा निबंध. हा एक शब्द मात्र अस्सल कागद आहे. जपून ठेवा." आणि खडूची बोटं त्या जागी लागणार नाहीत अशा बेताने त्यांनी ती पानं मला दिली.

अण्णा ते पान माझ्याकडे मागतील असं मला वाटलं नव्हतं. पण भाद्रपदात, पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते मागून घेतलं आणि त्यावरचं नाव आपल्या डायरीत उतरवून घेतलं. गोत्र त्यांनी आत्याला विचारलं. तिने सांगितलं आणि ती तांदूळ धुवायला निघून गेली. दरवर्षी घरी महालय व्हायचा. भटजी एकेका पितराचं नाव आणि गोत्र म्हणायचे, अण्णा त्यांच्यामागून म्हणून हातावरून पाणी सोडायचे. बहिणीच्या यजमानांची जागा त्या यादीत होती, पण आमच्याकडे ती आजवर नावाशिवायच पुढे जायची.

त्या दिवशी आई आणि मी वडे तळत होतो. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी, अर्धी आत आणि अर्धी बाहेर, उभी होती. भटजी त्या जागेपाशी आले आणि थांबले. अण्णांनी डायरी बघून नाव म्हटलं. पाणी सोडण्यासाठी त्यांनी हात तिरका केला.

"तसं नाही," आत्या म्हणाली.

अण्णांनी मागे वळून पाहिलं. कापत्या हाताने काढलेलं मधलं एक अक्षर त्यांनी भलतंच वाचलं होतं. मीही तसंच वाचलं होतं, आठ महिने. सरांनीही बहुधा तसंच वाचलं असणार. अण्णा डायरी तिच्याकडे करणार होते, पण त्यांचे हात ओले होते.

आत्याने ते नाव म्हटलं. हळू, पण अगदी स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं करून, शिकवताना म्हणतात तसं. मग म्हणाली, "आता म्हण."

अण्णांनी म्हटलं. भटजींनीही म्हटलं. पाणी ताम्हनात पडल्याचा आवाज आला. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते तिने एकदाच उच्चारलं, आम्हा चौघांपुढे, आणि ते तिथपर्यंतच राहावं असं मला वाटतं.

आईने कढईतला वडा उलटला नव्हता, तो एका बाजूने करपला. आत्या आत आली, तिने झारा आईच्या हातातून घेतला आणि पुढचे सगळे वडे तिनेच तळले.